सातारच्या घाटानंतर घरी घेतलेला स्पोर्ट्स मसाज: एका धावपटूचं प्रकरण

हे प्रकरण कोथरूडमधल्या एका 46 वर्षांच्या धावपटूचं आहे. त्या नोकरी करतात, घरी नवरा, कॉलेजात जाणारी मुलगी आणि सासरे आहेत, आणि गेली काही वर्षं त्या नियमित धावतात. सप्टेंबरमध्ये सातारा हिल हाफ मॅरेथॉन आणि जानेवारीत मुंबईत पहिली पूर्ण मॅरेथॉन, असं त्यांचं वर्षाचं गणित होतं. माहिती त्यांच्या परवानगीने देते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि खेळाडूंच्या घरी जाऊन उपचार करणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे.

हे प्रकरण निवडलं ते त्यात काही विलक्षण घडलं म्हणून मुळीच नाही. घरी मसाजला बोलावणाऱ्यांपैकी पुष्कळांची गोष्ट अशीच असते. दुखतं दोन ठिकाणी, दोन्हींची कारणं वेगळी असतात आणि मागणी मात्र एकच असते: सगळं कचकून दाबून द्या. घरी येणाऱ्या माणसाने आधी काय विचारावं, काय तपासावं आणि कुठे हात लावू नये, हे या एका भेटीतून नीट दाखवता येईल असं वाटलं.

फोनवर

शर्यत रविवारी झाली. सोमवारी दुपारी त्यांचा फोन आला. "डॉक्टर, काल सातारा केलं. मांड्या अशा भरल्यात की ऑफिसचा जिना कठड्याला धरून उलटा उतरले. डावी पोटरी पण ओढते. उद्या घरी येऊन डीप टिश्यू द्याल का? जोरात चालेल, मला सवय आहे."

वेळ ठरवण्याआधी मी प्रश्न विचारले. दुखणं दोन्ही पायांत सारखं आहे की एका पायात जास्त? पोटरीला सूज, लाली, गरमपणा आहे का? श्वास लागतो का, छातीत दुखतं का? शर्यतीनंतर लघवीचा रंग कसा होता? ताप? रक्त पातळ होण्याची गोळी, गर्भनिरोधक किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत का? पूर्वी कधी पायात रक्ताची गुठळी, व्हेरिकोज व्हेन्स, मधुमेह, अलीकडचं ऑपरेशन? पोटरी ओढायला लागली तेव्हा काही तुटल्यासारखा आवाज किंवा मागून कोणी फटका मारल्यासारखं वाटलं होतं का?

त्या जरा बुचकळ्यात पडल्या. मसाजसाठी लघवीचा रंग कशाला, हे त्यांनी विचारलंच. कारण साधं आहे. उतारावर खूप धावल्यावर क्वचित एखाद्याचे स्नायू इतके इजा पावतात की त्यातली प्रथिनं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. तेव्हा लघवी चहासारखी किंवा कोलासारखी गडद होते. अशा माणसाला मसाज देणं धोक्याचं असतं. त्याने थेट रुग्णालय गाठायला हवं. एका पोटरीची सूज हे दुसरं कारण. खोल शिरेत गुठळी असेल आणि वरून कोणी जोरात चोळलं, तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. पोटरीत गोळा आलाय असं समजून तेल लावून चोळून घेणारी माणसं आपल्याकडे घरोघर आहेत, म्हणून हा प्रश्न मी कधी सोडत नाही.

त्यांची उत्तरं निवांत करणारी होती. मांड्या दोन्ही सारख्याच दुखत होत्या. पोटरी चढावर, घाटाच्या मधल्या टप्प्यात हळूहळू आवळायला लागली, आवाज झाला नाही, शर्यत पूर्ण केली. सूज दिसत नव्हती, लघवी स्वच्छ होती. सातारा ते पुणे गाडीत त्या साधारण तीन तास बसल्या होत्या, वाटेत चहाला उतरल्या होत्या. औषध थायरॉईडचं, तेवढंच. मात्र रविवारी रात्री आणि सोमवारी सकाळी त्यांनी वेदनाशामक गोळी घेतली होती.

या गोळीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. लांब धावल्यावर शरीरात पाणी कमी असतं, मूत्रपिंडाला रक्त कमी पोचत असतं, आणि नेमक्या त्या वेळी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारखी गोळी घेतली तर त्याच मूत्रपिंडावर आणखी भार पडतो. शर्यतीच्या सकाळी 'सुरक्षेसाठी' गोळी घेणारेही मी पाहते. त्यांची मला खरोखर काळजी वाटते. तपासणीच्या दृष्टीने दुसरा तोटा असा की गोळीने दुखणं झाकलं जातं आणि हाताखाली काय दुखतंय ते रुग्णाला कळत नाही, मलाही कळत नाही. मंगळवारी संध्याकाळी सहाची वेळ ठरली, आणि दुपारनंतर शक्यतो गोळी घेऊ नका, असं मी सांगितलं.

बाकी सूचना अशा होत्या: येण्याआधी दीड-दोन तास भरपेट खाऊ नका. बाम किंवा स्प्रे लावू नका. सैल शॉर्ट्स आणि टीशर्ट घाला. दोन जुन्या चादरी आणि एक टॉवेल काढून ठेवा. साधारण आठ बाय दहा फुटांची मोकळी जागा लागेल. घरात कोणीतरी मोठं माणूस असू द्या. आणि गेटवर माझं नाव सांगून ठेवा, म्हणजे टेबल घेऊन वॉचमनच्या केबिनसमोर उभं राहावं लागत नाही.

घाट पायाशी काय करतो

दोन्ही दुखण्यांची कारणं रस्त्यातच होती. ही शर्यत 21 किलोमीटरची. सातारा शहरातून निघून यवतेश्वरच्या घाटाने कासच्या दिशेने वर जायचं आणि त्याच रस्त्याने परत खाली यायचं. म्हणजे ढोबळमानाने निम्मी शर्यत चढ आणि निम्मी उतार.

चढावर पाऊल पुढच्या भागावर जास्त पडतं आणि शरीर वर ढकलायचं काम पोटरी करते. पोटरीत वरचा, डोळ्यांना दिसणारा फुगीर स्नायू आहे आणि त्याच्या खाली पसरट, चिवट असा सोलियस. गुडघा वाकलेला असताना जोर मुख्यतः सोलियस लावतो, आणि चढावर धावताना गुडघा बहुतेक वेळ वाकलेलाच असतो. उतारावर उलट होतं. प्रत्येक पावलाला शरीर खाली कोसळू नये म्हणून मांडीचा पुढचा स्नायू ब्रेक लावतो. तो ताणला जात असतानाच आकसण्याचा प्रयत्न करतो. याच प्रकारच्या कामाने स्नायूच्या धाग्यांना सूक्ष्म इजा होते, आणि दुखणं त्याच दिवशी न येता एक ते तीन दिवसांनी पूर्ण भरात येतं. म्हणून घाट उतरून आलेला माणूस रविवारी दुपारी हसत फोटो काढतो आणि सोमवारी खुर्चीतून उठताना कण्हतो.

'लॅक्टिक ॲसिड साचलंय, मसाजने काढून टाका' हे वाक्य यांच्याही तोंडी होतं. हे ॲसिड, म्हणजे शरीरातलं लॅक्टेट, धावणं थांबल्यावर साधारण तासाभरात पूर्वपदावर येतं. मंगळवारी संध्याकाळी काढून टाकायला ते शिल्लकच नसतं.

घरातली जागा

तिसरा मजला, लिफ्ट चालू होती. फोल्डिंग टेबल चौदा-पंधरा किलोचं असतं, त्यामुळे लिफ्टचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. दिवाणखान्यात जागा होती, पण तिथे सासरे टीव्ही पाहत होते आणि मुलीची मैत्रीण येणार होती. बेडरूममध्ये डबल बेडने सगळी खोली व्यापलेली. शेवटी मुलीच्या खोलीतली खुर्ची आणि कपड्यांचा स्टँड बाहेर काढला आणि टेबल तिथे बसलं. पडदा ओढला, पंखा मंद केला, दार लोटून घेतलं. कडी लावायची की नाही हे मी नेहमी रुग्णावर सोडते. त्यांनी लोटलेलंच राहू द्या म्हटलं.

"दिवाणावरच करा ना, एवढं टेबल कशाला वर आणलंत," असं सासरे म्हणाले. दिवाण बुटका असतो. त्यावर झोपलेल्या माणसाला मान एका बाजूला वळवून ठेवावी लागते आणि काम करणाऱ्याची कंबर वाकते. वाकलेल्या कमरेने दाब हातातून येतो, अंगाच्या वजनातून येत नाही, आणि मग तो टोचतो. टेबलाला तोंडासाठी खोबण असते, उंची बदलता येते. घरी बोलावताना टेबल आणणार का, हे जरूर विचारावं.

कपड्यांबद्दल बायका फोनवर विचारायला संकोचतात, म्हणून स्पष्ट लिहिते. पायाच्या स्पोर्ट्स मसाजसाठी शॉर्ट्स पुरते. ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा, बाकी चादरीखाली. नितंबाच्या स्नायूवर काम करायचं असेल तर ते कपड्यावरूनच, आणि तेही आधी विचारून. कुठल्याही क्षणी 'थांबा' म्हटलं की थांबायचं, कारण विचारायचं नाही. येणारी व्यक्ती स्त्री असावी की पुरुष, हे सांगण्याचा हक्क बोलावणाऱ्याला आहे. तिचं शिक्षण आणि नोंदणी विचारणं यात उद्धटपणा काही नाही. आपल्या राज्यात फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्य परिषदेकडे होते. मसाज करणाऱ्या प्रत्येकाकडे अशी नोंदणी असतेच असं नाही. सुट्टीच्या दिवशी नुसता आराम म्हणून मसाज घ्यायचा असेल तर चांगला प्रशिक्षित मसाज थेरपिस्ट पुरेसा आहे. शर्यतीनंतर एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त दुखत असेल, तर तपासणी करू शकणारी व्यक्ती हवी.

तपासणी

त्या तयारीतच होत्या, टेबलावर चढायला निघाल्या. मी म्हटलं, "ताई, आधी जरा उभ्या राहा. चालून दाखवा."

चालताना डाव्या पायाचं पाऊल त्या लहान टाकत होत्या आणि टाच लवकर उचलत होत्या. अर्धी बैठक मारताना दोन्ही मांड्या दुखल्या; दहापैकी सात, असं त्या म्हणाल्या. एका पायावर उभं राहून टाच उचलायला सांगितली. उजव्या पायाने वीस वेळा झालं. डाव्या पायाने आठव्याला पोटरीत खालच्या बाजूला खोल दुखलं. मग हेच गुडघा थोडा वाकवून करायला सांगितलं. डाव्या पायाने तिसऱ्यालाच दुखलं. गुडघा वाकवल्यावर दुखणं वाढतं म्हणजे बोट सोलियसकडे जातं.

भिंतीसमोर पाऊल ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा, अशी घोट्याची एक साधी चाचणी आहे. उजवा अंगठा भिंतीपासून नऊ सेंटीमीटरवर असताना गुडघा टेकला, डावा सहावर.

नंतर टेपने दोन्ही पोटऱ्या मोजल्या. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून दहा सेंटीमीटर खाली. दोन्हींत अर्ध्या सेंटीमीटरचाही फरक नव्हता. गुठळीचा संशय ठरवताना डॉक्टर तीन सेंटीमीटरपेक्षा जास्त फरकाला महत्त्व देतात. त्वचा सारखीच कोमट, लाली नाही, दाबल्यावर खळगा पडत नव्हता. नडगीच्या हाडावर बोट फिरवून पाहिलं. एका विशिष्ट बिंदूवर हाड दुखलं असतं तर ताणामुळे हाडाला तडा गेल्याची शंका घेऊन मी मसाजचा विषय तिथेच थांबवला असता. तसं काही नव्हतं. टाचेमागची स्नायूची दोरी (अकिलीस टेंडन) अखंड होती. पोटरी दाबल्यावर पाऊल नीट हलत होतं. पोटरीच्या आतल्या बाजूला, खालच्या तिसऱ्या भागात खोल दाबल्यावर नेमकं 'तिथेच' असं त्या म्हणाल्या. खड्डा नव्हता, काळंनिळं नव्हतं.

मग बुटांचा विषय काढला. शर्यतीच्या दोनेक आठवडे आधी त्यांनी नवे, हलके बूट घेतले होते. आधीच्या बुटांत टाच पुढच्या भागापेक्षा दहा मिलिमीटर उंच होती, नव्यात चार. एवढ्या फरकाने टाच दर पावलाला जास्त खाली जाते आणि पोटरीला जास्त ताण सोसावा लागतो. बूट वाईट नव्हते. त्यांची सवय व्हायच्या आत त्यांना यवतेश्वरच्या घाटात नेलं गेलं, एवढंच.

निष्कर्ष असा लिहिला: दोन्ही मांड्यांत उताराने आलेली नेहमीची स्नायूदुखी, डाव्या सोलियसमध्ये सौम्य, पहिल्या दर्जाची इजा. पहिल्यासाठी मसाजने थोडा आराम मिळेल. दुसऱ्यावर या आठवड्यात खोल दाब देणं चुकीचं, कारण ताज्या इजेवर जोर लावला की आत पुन्हा रक्त सांडू शकतं आणि बरं होणं लांबतं.

हे ऐकून त्यांचा चेहरा उतरला. "पण मुळात त्या पोटरीसाठीच तुम्हाला बोलावलं." मला त्यांची निराशा समजत होती. पैसे, वेळ, घर आवरणं, सगळं त्यासाठीच केलेलं. तरीही तपासणीची ही वीस मिनिटं हा माझ्या मते या भेटीचा सर्वांत मोलाचा भाग होता, आणि घरी येणारं कोणी दारातून थेट तेलाच्या बाटलीकडे वळलं तर त्याला थांबवून 'आधी पाय बघा' म्हणायला हवं.

टेबलावर

आधी पालथं झोपवलं, घोट्याखाली उशी. घरचं खोबरेल तेल वापरा असं त्यांनी सुचवलं. त्यांच्या त्वचेला त्याची सवय होती, तेव्हा तेच घेतलं. तेल फार थोडं लागतं. जास्त तेलाने हात घसरतो आणि स्नायू पकडता येत नाही.

सुरुवात तळहाताच्या लांब, सावकाश हातांनी, घोट्याकडून गुडघ्याकडे आणि गुडघ्याकडून वर. उजव्या पोटरीला मळणं, स्नायू उचलून पिळणं, अंगठ्याने सावकाश सरकणं असं सगळं दिलं. डाव्या पोटरीला फक्त हलका हात, दुखऱ्या जागेपासून दूर. मांडीच्या मागच्या बाजूला आणि नितंबाला, चादरीवरून, मध्यम दाब. घाटात नितंबाचे स्नायूही चढाला जुंपलेले असतात आणि त्यांची तक्रार सहसा कोणी करत नाही. इथे त्यांना सर्वांत जास्त बरं वाटलं.

मग उताणं. मांडीच्या पुढच्या बाजूला हात ठेवताच त्या दचकल्या. इथे दाब दहापैकी चारच्या पुढे जाऊ द्यायचा नाही असं ठरवलं होतं. आकडा त्यांनी सांगायचा, हात मी बदलायचा. 'सहन होतं' ही कसोटी मी धरत नाही. धावपटूंना सहन करायची सवय असते, तीच त्यांना इथे नडते. श्वास रोखला गेला, पायाची बोटं आवळली गेली, हाताची मूठ वळली, की दाब जास्त झाला असं समजायचं आणि तोंडाचा आकडा बाजूला ठेवायचा.

पाऊण तासाच्या आत काम संपलं. लगेच उठू दिलं नाही. मिनिटभर बसवलं, कारण इतका वेळ आडवं राहून झटकन उठलं की भोवळ येते. पुन्हा बैठक मारून पाहिली: सातवरून चार. भिंतीची चाचणी डावीकडे जवळपास तशीच राहिली, आणि तसंच अपेक्षित होतं.

हा फरक किती टिकतो, हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं. 2020 मध्ये 29 चाचण्या आणि हजाराहून अधिक सहभागींची माहिती एकत्र करून एक आढावा प्रसिद्ध झाला. स्पोर्ट्स मसाजने ताकद, उडी, वेग किंवा दमसास वाढतो असं त्यात दिसलं नाही. लवचिकता आणि ही उशिरा येणारी स्नायूदुखी यांत मात्र थोडा फायदा दिसला. त्याआधी 2012 मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी तरुणांना दमेपर्यंत व्यायाम करायला लावून एकाच पायाला मसाज दिला आणि दोन्ही मांड्यांतल्या स्नायूचे बारीक नमुने तपासले. मसाज दिलेल्या पायात दाहाचे संकेत कमी होते. लॅक्टेटमध्ये फरक नव्हता. म्हणजे आराम खरा आहे. तो थोडा आहे, हेही तितकंच खरं. माणसाला दोन दिवस जिना सुकर झाला, रात्री कूस बदलताना जाग आली नाही, तर मला तो थोडा आरामही देण्यासारखा वाटतो.

सासऱ्यांचा प्रश्न

हात धुऊन बाहेर आले तर चहा ठेवलेला होता. सासरे तरुणपणी कऱ्हाडकडे तालमीत होते. त्यांनी सगळं दारापलीकडून ऐकलं असावं. "डॉक्टर, आम्ही लाल मातीतून उठलो की पठ्ठे अंगावर उभे राहून मालिश करायचे. तेल जिरेपर्यंत. आम्हाला कधी काही झालं नाही. तुम्ही तर नुसता हात फिरवलात."

त्यांचा प्रश्न मनापासूनचा होता, म्हणून बसून उत्तर दिलं. तालमीतली मालिश ही फार जुनी आणि समजून केलेली गोष्ट आहे, याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण ती रोजची असते. रोज तोच हात, तेच अंग. कोणाचा खांदा कालपासून दुखतोय हे मालिश करणाऱ्या पठ्ठ्याला ठाऊक असतं. मी त्यांना विचारलं, "आजोबा, कोणाचा पाय लचकला तर वस्ताद त्याच जागी मालिश करू द्यायचे का?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. "नाही. त्याला पट्टी बांधून बसवून ठेवायचे. बाकीचं अंग चोळायचे."

आम्ही नेमकं तेच केलं होतं. त्यांना ते पटलं आणि सूनबाईंनाही पटलं. माझ्या सांगण्यापेक्षा त्यांच्या तोंडून आलं म्हणून अधिक पटलं असेल, आणि त्यात मला आनंदच आहे.

पुढचे दिवस

जाण्याआधी सांगितलं ते असं. आज रात्री किंवा उद्या सकाळी मांड्या थोड्या हुळहुळतील, ते चालेल. काळंनिळं पडलं, पोटरी सुजली, दम लागला, तर मला फोन करत बसू नका, रुग्णालयात जा. पाणी तहानेप्रमाणे प्या. मसाजनंतर विषारी द्रव्यं बाहेर टाकायला लीटरभर पाणी प्या असं सांगतात, त्याला आधार नाही. बाम लावून वर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, कातडी भाजते. आठवडाभर धावणं बंद, सपाट रस्त्यावर चालणं चालू. नवे बूट बाजूला ठेवा, जुनेच वापरा.

पोटरीसाठी व्यायाम दिला. पहिले काही दिवस दोन्ही पायांवर टाचा उचलून, गुडघे किंचित वाकवून अर्धा-पाऊण मिनिट तसंच धरून ठेवायचं, दिवसातून दोनदा. दुखणं दहापैकी तीनच्या वर जाता कामा नये. नंतर टाचा सावकाश वर-खाली, मग एका पायावर. सोलियस बरा होतो तो याने.

गुरुवारी त्यांचा निरोप आला: मांड्या मोकळ्या झाल्या, जिना सरळ उतरते. प्रामाणिकपणे सांगायचं तर गुरुवारपर्यंत त्या मसाजशिवायही बहुधा मोकळ्या झाल्या असत्या. मधले दोन दिवस सुसह्य झाले, हे श्रेय मसाजचं.

दुसरी भेट पुढच्या आठवड्यात झाली. डाव्या पायावर गुडघा वाकवून टाच उचलणं आता बारा वेळा जमत होतं, शेवटी किंचित ओढ. भिंतीपासून अंतर साडेसात. आता पोटरीला मध्यम दाबाने काम करायला हरकत नव्हती. पालथं झोपवून गुडघा वाकवला, म्हणजे वरचा स्नायू सैल पडतो आणि खालच्या सोलियसपर्यंत हात पोचतो. दुखऱ्या जागेच्या वर आणि खाली सावकाश दाब, आणि तसंच धरून घोटा वर-खाली हलवायला लावला. काम संपल्यावर अंतर साडेआठ. त्या आठवड्याच्या शेवटी चालणं आणि हळू धावणं आलटून-पालटून सुरू केलं, सपाट रस्त्यावर, जुन्या बुटांत. तिसऱ्या आठवड्यात त्या सलग अर्धा तास न दुखता धावल्या. नवे बूट आधी फक्त छोट्या धावेला, आठवड्यातून एकदा.

तिसरी भेट त्यांना हवी होती. मी नको म्हटलं. पोटरीला त्या वेळी माझ्या हातांपेक्षा टाच उचलण्याच्या व्यायामाची गरज जास्त होती, आणि तो त्या स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून स्वतःच करू शकत होत्या.

जानेवारीसाठी

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. 42 किलोमीटरच्या शर्यतीत पेडर रोडचा चढ शेवटच्या टप्प्यात येतो, पाय रिकामे झालेले असताना, आणि तिथे पुन्हा हाच सोलियस कामाला लागतो. म्हणून डिसेंबरअखेरपर्यंत एका पायावर वीस-पंचवीस वेळा, गुडघा वाकवून, हातात थोडं वजन घेऊन टाच उचलता आली पाहिजे, हे लक्ष्य ठरवलं. बूट बदलायचे असतील तर नोव्हेंबरनंतर नाही.

मसाजचं वेळापत्रकही त्यांनी विचारलं. शनिवारी रात्री मुंबईत हॉटेलवर कोणाला तरी बोलावून घेऊ का? मी नाही म्हटलं. मध्यम दाबाचा मसाज शर्यतीच्या तीन-चार दिवस आधी, म्हणजे बुधवार किंवा फार तर गुरुवारी. आदल्या दिवशी घ्यायचाच तर दहा मिनिटं हलका हात, आणि तोही ओळखीच्या माणसाचा. शर्यत संपल्यावर पहिल्या दिवशी जोराचा मसाज नाही. चालणं, खाणं, झोप. मंगळवारी दोन्ही पाय सारखेच दुखत असतील तर हलका मसाज घ्या. एकच पाय दुखत असेल, तर वेळ ठरवताना आधी मला तेच सांगा.